मनाली–लेह वाटेवरची पथारी

माणूस प्रवासाला निघाला की त्याच्याबरोबर त्याचे अंथरूणही निघत असे, ही गोष्ट फार जुनी नाही. आमच्या वडिलांच्या पिढीतील कापड-व्यापारी खरेदीसाठी सुरत-अहमदाबादेस जात तेव्हा ट्रंकेशेजारी होल्डॉल असेच असे. शिखरजीच्या यात्रेला निघालेल्या कुटुंबाच्या वळकट्या मोजून डब्यात चढविणे, हे घरातील थोरल्या मुलाचे काम असे. पुढे लॉज आले, हॉटेले आली, रेल्वेच्या डब्यातच चादर-उशी मिळू लागली आणि होल्डॉल माळ्यावर गेला. आता घरातील तरुण मोटारसायकलवर तंबू बांधून हिमालयात जाऊ लागले आहेत, आणि वळकटीचा प्रश्न पुन्हा दारात उभा आहे. तिचे नाव मात्र बदलले आहे. मुले तिला ‘स्लीपिंग मॅट’ म्हणतात.

माझ्या पुतण्याने मनालीहून लेहला मोटारसायकलने जाण्याचा बेत केला आणि मलाही बरोबर येण्याचा आग्रह केला, तेव्हा माझे वय चोपन्न होते. तीस वर्षे पेढीवर बसून कंबरेने आपला हिशेब मांडण्यास सुरुवात केलेली होती. पर्युषण पर्व घरीच करावयाचे, हे ठरलेलेच होते. त्यामुळे अनंत चतुर्दशीनंतर, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात निघणे भाग पडले. त्या सुमारास वाटेवरील बहुतेक हंगामी तंबू-मुक्काम आवरले जातात. म्हणून निवाऱ्याची सोय स्वतःच करावी लागणार होती. आईला हे सर्व सांगितले तेव्हा तिने वाटेतील खिंडींची उंची विचारली नाही की मोटारसायकलची किंमत विचारली नाही. तिने एवढेच विचारले, “झोपणार कशावर?”

प्रश्न वरवर साधा. पण त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशीच्या सुरक्षिततेला जाऊन भिडते. मोटारीत पेंगलेल्या माणसाला निदान सीटचा आधार असतो; दुचाकीवर डुलकी लागली की तोल गेलाच. मनाली ते लेह हे अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे, पण ते अंतर किलोमीटरांत मोजण्यासारखे नाही. त्यात सुमारे ४,८९० मीटरची बारालाचा खिंड आहे, गाटा लूप्स नावाची एकवीस वळणे आहेत, रस्ता ओलांडणारे बर्फाळ पाण्याचे नाले आहेत आणि ५,३०० मीटरहून उंच असा तंगलंग ला आहे. रात्रभर कुशी बदलत काढलेल्या माणसाने सकाळी त्या वळणांवर जाऊ नये. उंचीवर झोप मुळातच तुटक लागते. तीत गारठ्याची आणि कंबरदुखीची भर पडणार नाही, इतकी काळजी आपण आधीच घेऊ शकतो.

निघण्यापूर्वी दोन महिने या मॅटचा अभ्यास केला. माल पारखल्यावाचून घ्यायचा नाही, ही आपली पिढीजात सवय येथेही उपयोगी पडली.

बाजारात मुख्यतः तीन जाती आहेत. पहिली फोमची साधी पट्टी. तिच्यातील हवेचे कप्पे एकमेकांपासून बंद असतात. म्हणून ती पाणी शोषत नाही, फुटत नाही आणि फाटली तरी निकामी होत नाही. ती काही शेकड्यांत मिळते. दुसरी आपोआप फुगणारी गादी. तिच्यात मोकळ्या कप्प्यांचा स्पंजासारखा फोम असून भोवती हवाबंद कापड असते. झडप उघडली की फोम फुलतो आणि हवा स्वतःच आत ओढतो. शेवटचे दोन-चार फुंकर आपण घालायचे. तिसरी निव्वळ हवेची गादी. ती गुंडाळली की पाण्याच्या बाटलीएवढी होते आणि फुगवली की आठ-दहा सेंटिमीटर उंच. दिसायला तीच सर्वांत सुखाची वाटते, आणि चांगल्या प्रतीची घेतल्यास किंमत दहा-पंधरा हजारांच्या पुढेही जाते.

दुसऱ्या जातीच्या जन्माची कथा व्यापारी माणसाने ऐकण्याजोगी आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील सिएटल शहरात बोईंग या विमान-कंपनीने मोठी नोकरकपात केली. काम गेलेल्यांत जिम ली आणि नील अँडरसन हे अभियंते होते. ली बागेत काम करताना गुडघ्याखाली फोमची उशी घेत. गुडघा टेकला की उशीतील हवा निघून जाते आणि उचलला की परत शिरते, हे त्यांच्या ध्यानात आले. ती हवा आत कोंडून ठेवता आली तर, या एका विचारातून गादी तयार झाली, आणि १९७२ मध्ये त्यांनी एका मित्राच्या साथीने कंपनी काढली. ‘थर्म-अ-रेस्ट’ हे नाव आजही या धंद्यात चालते. हातची नोकरी गेली आणि गुडघ्याखालची उशी भांडवल ठरली!

आता मुख्य मुद्दा. गादी घेताना आपण जाडी पाहतो, मऊपणा पाहतो. हिमालयात पाहावयाचा असतो तिसराच गुण: जमिनीचा गारवा ती किती अडवते. स्लीपिंग बॅग कितीही भारी घेतली तरी तिचा पाठीखालचा भाग अंगाच्या वजनाने चेपला जातो. ऊब धागे देत नाहीत, धाग्यांत अडकलेली हवा देते. चेपल्यावर ती हवाच उरत नाही. मग शरीर आणि गोठलेली जमीन यांच्यामध्ये राहते ती फक्त ही मॅट. अंगातील उष्णता खाली झिरपत जाते, आणि झोपणाऱ्याला मात्र वाटते की आपले पांघरूण कमी पडले.

या गुणाला मोजमाप आहे. त्यास ‘आर-मूल्य’ म्हणतात. आकडा जितका मोठा तितकी उष्णता जाण्यास आडकाठी अधिक. पूर्वी प्रत्येक कारखानदार आपापल्या पद्धतीने हा आकडा काढी, त्यामुळे दोन दुकानांतील दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नसे. २०१८ मध्ये अमेरिकेतील मानक संस्थेने चाचणीची एकच पद्धत ठरवून दिली आणि २०२० पासून प्रमुख उत्पादक तीनुसार आकडे छापू लागले. साधी फोमची पट्टी दोनच्या आसपास असते. आपल्या सह्याद्रीत, भंडारदऱ्याला किंवा राजमाचीला हिवाळ्यातील सामान्य रात्रीस तेवढे पुरते. पारा शून्याजवळ जाणार असेल तर तीन ते चार हवे, आणि शून्याखाली जाणार असेल तर पाच किंवा अधिक. शिवाय हे आकडे बेरजेचे आहेत. दोनची पट्टी खाली आणि साडेतीनची गादी वर घातली तर साडेपाच मिळतात. माझ्या मते या सगळ्या विषयात इतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही, आणि दुकानदार ती क्वचितच सांगतात; कारण मग महागड्या एका गादीऐवजी गिऱ्हाईक स्वस्त दोन घेते.

आम्हीही तसेच केले. प्रत्येकी एक आपोआप फुगणारी गादी आणि तिच्याखाली फोमची घडीची पट्टी. मोटारसायकली मिरजेहून रेल्वेने दिल्लीस पाठविल्या आणि तेथून दोन दिवसांत मनाली गाठले. पुढे ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ओलांडला की कुलूच्या हिरव्या खोऱ्यातून माणूस एकदम लाहौलच्या कोरड्या, उघड्या डोंगरांत येतो. २०२० पूर्वी येथे यावयाचे तर रोहतांगची खिंड चढावी लागे.

पहिला तंबू जिस्पाला टाकला. गावची उंची सुमारे ३,२०० मीटर. शेजारून भागा नदी वाहते आणि काठावर गोट्यांचे पसरट पात्र आहे. तेथे दोन रात्री राहिलो. हे मुद्दाम सांगतो, कारण जिस्पाहून पुढचा नेहमीचा मुक्काम सरचू, आणि तो सुमारे ४,३०० मीटरवर आहे. एका दिवसात एवढी उंची गाठून तेथेच झोपणे पुष्कळांना बाधते. डोके ठणकणे, मळमळणे, श्वास कोंडून जाग येणे हे सर्व गादीने बरे होत नाही. त्याला विसावा आणि वेळीच खाली उतरणे हाच उपाय. डॉक्टरांचा सल्ला निघण्यापूर्वीच घ्यावा.

जिस्पाच्या गोट्यांनी एक धडा दिला. तंबूची जागा निवडताना पुतण्या आधी चवड्यांवर बसून जमीन निरखी, हाताने खडे वेचून टाकी, मुंग्यांचे वारूळ आहे का ते पाही, आणि मग स्वतः तीन-चार मिनिटे आडवा होई. जमिनीचा उतार डोळ्यांना दिसत नाही, पाठीला लगेच कळतो. डोके चढाकडे ठेवावे. आडवा उतार असेल तर रात्रभर घसरणे आलेच. या गाद्यांचे नायलॉन आणि स्लीपिंग बॅगचे नायलॉन एकमेकांवर साबणासारखे सरकते. खालच्या बाजूस रबरी ठिपके असलेली गादी थोडी जागेवर राहते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा आपला नियम येथे फार सोयीचा ठरला. चारलाच थांबायचे, उजेडात जागा पाहायची, तंबू उभारायचा, खिचडी खाऊन भांडी धुवायची. अंधारात विजेरी तोंडात धरून खुंट्या ठोकणारे प्रवासी आम्ही पुढे पाहिले.

जिस्पाहून सरचू पंचाऐंशी किलोमीटरच्या आसपास असेल. सूरजताल हे भागा नदीचे उगमस्थान वाटेत लागते आणि लगेच बारालाचा. पलीकडे उतरल्यावर डोंगर बाजूला सरतात आणि एक लांबरुंद सपाटी उघडते. त्सारप नदीने तिच्या कडेला खोल चर कोरला आहे. मातीचे सुळके रांगेने उभे आहेत. झाड नावालाही नाही. वारा दुपारी सुरू होतो आणि कोणाचे ऐकत नाही. हिमाचलची हद्द संपून लडाख येथेच सुरू होते.

आमच्या शेजारी पुण्याच्या दोन तरुणांनी तंबू टाकला होता. त्यांच्याकडे निव्वळ हवेच्या गाद्या होत्या, चांगल्या वीतभर उंच. त्यांनी आमच्या पातळ गाद्यांकडे पाहून हळहळही व्यक्त केली. रात्री अकराच्या सुमारास त्यांच्यापैकी एकाने हाक मारली, “काका, जागे आहात का? एखादं पांघरूण जास्तीचं असेल का?” त्याचे दात वाजत होते. पांघरूण नव्हते, पण पुतण्याने उठून आमच्या दोन्ही फोमच्या पट्ट्या त्यांना दिल्या आणि गादीच्या वर, अंगाखाली घालावयास सांगितल्या. आम्ही आमच्या पावसाळी कोट-विजारी आणि रिकाम्या सॅडल बॅगा पाठीखाली पसरून रात्र काढली. ती बरी गेली असे म्हणता येईल. सकाळी तंबूबाहेरच्या बाटलीत बर्फ होते. पोरे मात्र झोपली होती.

त्या गाद्यांत झाले काय? आत ना फोम, ना तंतू, ना चकचकीत पापुद्रा. मोकळी हवा स्थिर राहत नाही. अंगाने तापलेली आणि जमिनीने गारठलेली हवा आतल्या आत फिरत राहते, आणि जितकी पोकळी मोठी तितके हे फिरणे अधिक. म्हणजे पोकळ गादीची उंची शून्याजवळ उपयोगी पडण्याऐवजी नडते. शिवाय फुंकर घालून भरलेली हवा छातीतून निघते तेव्हा अंगाइतकी उबदार असते. ती शून्यावर आली की तिचे आकारमान दहा टक्क्यांहून अधिक घटते. म्हणून रात्री गादी ‘गळली’ असे वाटते. छिद्र शोधण्यापूर्वी निजतेवेळी पुन्हा दोन फुंकर घालून पाहावे.

तोंडाने फुगविण्यालाही त्या उंचीवर मर्यादा आहे. सरचूला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो. वीस-पंचवीस फुंकर घातले की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. श्वासातील ओल गादीत साचून पुढे बुरशी धरते ती वेगळीच. पिशवीत हवा पकडून ती गुंडाळत गादीत ढकलण्याची युक्ती उत्तम. तीच पिशवी दिवसा कपडे ठेवण्यास चालते. टायरचा पंप मात्र लावू नये. टायरला तीस पौंडांच्या आसपास दाब लागतो, गादीला त्याचा अल्प अंशही पुरतो. क्षणभर लक्ष चुकले तर आतील शिवण सुटते आणि गादीला टेंगूळ येते. त्याच कारणासाठी भरलेली गादी दुपारच्या उन्हात बंद तंबूत ठेवू नये.

उबदार हवेच्या गाद्यांत एक प्रकार पिसे भरलेला असतो, आणि दुकानदार तो मोठ्या अभिमानाने दाखवितात. बदक आणि हंसांची ही मऊ पिसे बहुधा कत्तलखान्यांतून येतात. काही ठिकाणी जिवंत पक्ष्यांची उपटली जातात. नावात ‘डाऊन’ हा शब्द दिसला की पिसे आहेत असे समजावे. आपल्या घरांत ते चालणार नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. पॉलिस्टर तंतूंचे अस्तर किंवा उष्णता परत फेकणारे चकचकीत पापुद्रे वापरून तितकीच ऊब देणाऱ्या गाद्या मिळतात. पापुद्र्यांच्या गाद्या कूस बदलताना चिवड्याच्या पुड्यासारख्या कुरकुरतात. शेजारी हलकी झोप असलेले कोणी असेल तर तेवढे ध्यानात घ्यावे. स्लीपिंग बॅग घेतानाही हीच चौकशी करावी.

पायी गिर्यारोहण करणारा वजन मोजतो. मोटारसायकलवाल्याने जागा मोजावी. अर्धा किलो इकडेतिकडे झाल्याने इंजिनाला काही कळत नाही, पण गुंडाळी सॅडल बॅगेत मावली नाही तर ती मागे उंच बांधावी लागते आणि वाऱ्यात गाडी डोलते. कापडाच्या धंद्यातील वाचकांना डेनियर सांगावयास नको. हलक्या गाद्या वीस-तीस डेनियरच्या नायलॉनच्या असतात. दिवसभराच्या खडखडाटात पान्याशी किंवा तंबूच्या खुंट्यांशी त्या घासत राहिल्या तर त्यांचे काय होईल ते आपण ओळखालच. मी सत्तरच्या वर घेतले. गादी मऊ कपड्यांत गुंडाळून ठेवावी. पेट्रोलचा डबा, चेनचे तेल आणि सायलेन्सर या तिघांपासून दूर. फोमची पट्टी मात्र खुशाल बाहेर बांधावी. ती भिजली तरी झटकून कोरडी होते, आणि वाटेत टायर काढावे लागले तर खडीवर गुडघे टेकायला तिच्याइतके उपयोगी काही नाही.

सरचूनंतर गाटा लूप्स, लाचुंग ला आणि पांग ओलांडून मोरे मैदानावर आलो. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरहून उंच अशा जागी कितीतरी किलोमीटर सरळ, सपाट रस्ता असावा, याचे नवल ओसरत नाही. त्या मैदानातून एक फाटा त्सो कार सरोवराकडे जातो. पाण्याच्या कडेला खाऱ्या क्षाराची पांढरी किनार आहे. २०२० मध्ये या परिसरास रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. काळ्या मानेचे करकोचे येथे घरटी करतात, म्हणून काठावर तंबू टाकू नये. आम्ही पाण्यापासून पुष्कळ दूर, गावाच्या अंगाला, विचारून जागा घेतली.

या भागात चांगपा पशुपालक राहतात, ज्यांच्या शेळ्यांची पश्मिना जगभर जाते. याकच्या केसांच्या त्यांच्या काळ्या तंबूत आम्हाला बसावयास दिले ते उभ्या लोकरीच्या जाड, दाट गालिच्यावर. पुतण्याने हात दाबून पाहिला आणि माझ्याकडे पाहिले. लोकरीच्या उभ्या तंतूंत हवा अडकवायची आणि ती चेपू द्यायची नाही, ही गोष्ट या लोकांनी मागावर केव्हाच साधली होती. आमचे आर-मूल्य वगैरे ऐकून घरच्या आजी पुष्कळ हसल्या. दुभाषी मुलाने नेमके काय सांगितले ते कळले नाही.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी अवश्य कराव्यात. आपण कसे झोपतो ते घरच्यांना विचारावे. स्वतःला ते ठाऊक नसते. पाठीवर झोपणाऱ्यास चार-पाच सेंटिमीटर जाडी पुरते. कुशीवर झोपणाऱ्याचा भार खांदा आणि खुबा या दोन जागी एकवटतो. त्याने सात सेंटिमीटरच्या पुढचीच पाहावी. सर्वसाधारण रुंदी ५१ सेंटिमीटर असते. अंगाने भरलेल्या माणसाचे हात तीवरून खाली पडतात आणि कोपरे गारठतात. ६४ सेंटिमीटरची थोडी महाग पडते, पण माझ्यासारख्याने तीच घ्यावी. दुसरे असे की गादी घरी फरशीवर पसरून निदान तीन रात्री झोपावे. गुडघे टेकून बसले आणि खाली फरशी लागली तर हवा कमी. अंग वर फेकले जाऊन मान अवघडली तर जास्त. कंबर दुखणाऱ्यास किंचित सैल गादी मानवते असा माझा अनुभव आहे. याच तीन रात्रींत झडप गळते का तेही कळून येते, आणि पावती हातात असते.

परत आल्यावर गादी गुंडाळून कपाटात टाकू नये. महिनोन्‌महिने चेपून राहिलेला फोम पुन्हा नीट फुलत नाही. पुसून, सावलीत वाळवून, झडप उघडी ठेवून ती दिवाणाखाली किंवा कपाटामागे पसरट उभी करावी. बारीक छिद्र असेल तर साबणाच्या पाण्याने बुडबुडे पाहून शोधावे, जागा कोरडी करून ठिगळ लावावे आणि रात्रभर वजनाखाली ठेवावे. सायकलची ट्यूब ज्याने कधी जोडली आहे त्याला यात नवे काही नाही.